मटकी हँग झाली

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड.

आज चौथीच्या वर्गात स्मार्ट बोर्डवर बी रुजण्याचा व्हिडिओ लावला. बघता बघता मोड, मूळ, पानं. पोरं टाळ्या वाजवत ओरडली, "टीचर, परत लावा ना!" इतकी वर्षं मी ओल्या फडक्यात मटकी बांधून हेच शिकवतेय, टाळी एकदाही पडली नाही. म्हणून राग आला का मला? असेल.

मग मी सकाळीच बांधलेलं फडकं सोडून दाखवलं. मटकी नुसती फुगलेली. सान्वीने वाकून बघितलं आणि काळजीने विचारलं, "टीचर, आपली मटकी हँग झाली का?" सगळे हसले, मीही हसले. उत्तर राहूनच गेलं.

स्टाफरूममध्ये प्रज्ञा म्हणाली, "अगं, मोबाइल लावून आपल्याच मटकीचं शूटिंग कर ना. बोर्डवर तेच दाखव." बोर्डाचं नाव काढलं की मी तोंड वाकडं करते, पण हे पटलं.

फडकं घरी आणलंय. हँग नाही गं, वाढतेय, थोडी वाट बघ, असं उद्या सान्वीला सांगायचंय. पण कुठल्या तोंडाने? मघापासून मीच सारखी फडकं उघडून बघतेय.