मशीन उभं आहे तोवर

११ फेब्रु. ९६, कॅम्प
आज मशीननं तिसरं भोक संपवलं. आत काही नाही. जमिनीतून दगडाचे गोल, लांब तुकडे काढायचे, धुवायचे, ट्रेमध्ये ओळीनं लावायचे. साहेब भिंगातून बघतात आणि सिगरेट पेटवतात. सोनं शोधणारी कंपनी म्हणून गावी, सोनगीरला माझा केवढा बोलबाला. इथं रायचूरच्या पुढं माळावर मी पाइप उचलणारा हेल्पर. सातवी नापास, आणखी काय होणार.
दाजीचं पत्र. अक्काचा नवरा, पितळी भांड्यांचं दुकान. तब्येत बरी, ऊन वाढलं, मग एकच ओळ: लागलं का रे?

२ मार्च
पगार नाही. कंपनीचा शेअर मात्र वाढला, साहेबांच्या पेपरात होतं. जोडीदार बसप्पा म्हणतो, "होल खाली, भाव ऊपर. हम लोग नीचे कायको खोदते, ऊपर खोदेंगे." खूप हसलो. मग हसू गेलं.

२० एप्रिल, सोनगीर. आखाजी
अक्षय्य तृतीयेची सुट्टी मिळाली. थकलेल्या पगाराऐवजी कंपनीनं बूट वाटलेत, तेच घालून आलो. दुसरं घालायला होतंच काय.
पोरी झोक्यावर, घरात आमरस नि खापराची पुरणपोळी. दाजीच्या ओट्यावर पत्त्यांचा डाव. आजचा दिवस जुगाराला कोणी काही म्हणत नाही. पण यंदा डावावर नोटा कमी, शेअरचे कागद जास्त. आमच्याच कंपनीचे! धुळ्याच्या एका दलालाकडनं अर्ध्या गल्लीनं घेतलेत.
सगळ्यांचे डोळे माझ्या पायाकडे. "पाह्य रे, बूट पाह्य! कंपनीनी दिधात?"
म्हणालो, पगार थकला म्हणून दिले.
ओटा हसून लोळला. "पगार थकना म्हने! गडी पक्का शे."
नाना म्हणजे बोअरच्या गाडीचा मालक, सगळ्या पट्ट्यात विहिरींना बोअर मारतो. पत्ते छातीशी धरून म्हणाला, "मन्ही मशीन एक जागावर एक रात ऱ्हास. पानी लागो का नही लागो, दुसरा दिन उचली लेस. तठे वरीस व्हई गयं, मशीन उभी शे. त्या येडा शेत का? डिझेल फुकट येस?"
"नाना, काही नाही तिथं. नुसता दगड."
"तुले सांगानी बंदी व्हयी." डोळा मारला आणि पान टाकलं.
नाना बोअरमधला देव. त्याच्यापुढं मी काय.

२१ एप्रिल
अक्का भाकरी थापत होती. हातात फक्त काचेच्या बांगड्या. आईच्या पाटल्या? आईनं जाताना तिच्याकडे ठेवलेल्या, माझ्या बायकोसाठी.
"जळगावले मोडी टाक्यात. तठला सोनार घट धरत नही."
आणि?
"तुन्ही कंपनीना शेर लिधात. एक सोनं दिधं, दुसरं लिधं. तुन्ही नवरी येई तव्हय याहून जड पाटल्या करसूत."
म्हणालो, अक्का, मी स्वतः धुतो ते दगड. नाही तिथं सोनं. आजच्या आज विक.
माझा हात ओढून घेतला तिनं, पीठ लागलं. "कितला घट्टा पडनात. काही नही ते मंग इतलं खंदतस कशाले?"
कॅम्पवर मी पण रोज हेच विचारतो.
शिवाय आज विकताही येणार नाही. कागद तिच्या नावावर करायला मुंबईला गेलेत. परत येईस्तोवर थांबायचं.

१४ जून, कॅम्प
सहावं भोक. तेच. साहेबांना सरळ विचारलं, आहे का?
"शक्यता नाकारता येत नाही."
मग तेच म्हणाले, "घरी कोणी शेअर घेतलेत का?"
बहिणीनं.
भिंग पुसत राहिले. स्वच्छच होतं.

३ जुलै
मशीन उचललं. सकाळी ट्रेलर आला, संध्याकाळी माळ मोकळा. साहेब म्हणाले पावसानंतर बघू, आणि जीपमध्ये बसले. हिशेबाला रायचूरला गेलो तर ऑफिसला कुलूप. बसप्पा त्याच्या गावी गेला. चल म्हणाला. नाही गेलो.
घरीही जाता येत नाही. इतके दिवस खरं बोललो, कोणाला पटलं नाही. आता वळकटी घेऊन गावात उतरलो की एका दिवसात सगळ्यांना पटेल. सगळे धुळ्याला पळतील. दलाल चौघांचे कागद घेईल, पाचव्याला दुकान बंद. अक्काचे अजून मुंबईतच. ती शेवटची राहणार.
कळवणार तरी कसं? तिला वाचता येत नाही. माझं पत्र दाजी ओट्यावर मोठ्यानं वाचतो. फोन किराणावाल्याकडे, तिथं अर्धी गल्ली कान लावून.
कागद येईपर्यंत गावाला दिसायचं नाही. बाकीच्यांचं काय, ते… नाना पण आपलाच. नको ते आता.

१९ जुलै, रायचूर
खानावळीत भांडी घासतो. जेवण सुटतं, झोपायला फळी.
एसटीडीवरून फोन. किराणावाला ओरडला, "काय रे सोनावाला!" मग अक्का.
मी विचारलं, कागद आले का?
"नही उनात. तू कशाले तरफडस? जेवस ना?"
जेवतो.
"मशीन चालू शे ना?"
म्हणालो, चालू आहे.
मागून किराणावाल्याचा आवाज, कुणाला तरी, "चालू शे म्हने."

११ ऑगस्ट
पुन्हा फोन केला. अजून कागद नाहीत. अक्का मळ्यात गेलेली, किराणावालाच बोलला. नानानं आणखी शेअर घेतले. "तू सांगं ना मशीन चालू शे. त्याना भरवसावर."
खरं बोललो तेव्हाही घेतले. खोटं बोललो तरी घेतात. मग मी बोलतो कशाला?
आज ताटं मोजून लावताना हातातून सगळी पडली. मालक कानडीत काय काय म्हणाला. बरं झालं, कळत नाही.

५ सप्टें.
शेंगदाणे बांधून आलेल्या पेपरात कंपनीचा भाव दिसला. निम्म्याखाली. पेपर किती जुना कोण जाणे. धावत एसटीडी.
कागद येऊन आठवडा झाला!
"मंग इकात का?" माझ्या तोंडून आपलीच बोली निघाली.
"तुना दाजी धुळाले निंघनाच व्हतात. मीच जाऊ दिधं नही. म्हनलं, मना भाऊ तठे शे. तो जवलगून तठे शे, तवलगून मी इकाव नही."
मागं कोणीतरी म्हणालं, बराबर शे अक्का.
"अक्का, इक."
"कशाले?"
किराणावाल्याचा श्वास ऐकू येत होता. म्हणालो, असंच.
"असंच इकस का कोनी?" हसली. आई अशीच हसायची, तोंडावर पदर धरून. फोनवर पदर दिसत नाही, पण आवाज दबतो.
पुढं काही म्हणणार होतो. पैसे संपले, फोन तुटला.

६ सप्टें.
रात्रभर डोळा लागला नाही. सकाळीच बसस्टँडवर येऊन बसलोय.
मी इथं आहे म्हणून ती विकत नाही. आणि मी इथं नाहीच. कोणत्याच मशीनवर नाही. गेलो तर तिला पटेल, पण धुळ्याच्या स्टँडवर आमच्या गावचं माणूस भेटल्याशिवाय राहत नाही, आणि ते माझ्याआधी सोनगीरला पोचतं. नाही गेलो तर तिचे कागद तसेच पडून राहतील, पेटीत, आईच्या लुगड्याखाली.
आणि गेल्यावर आधी कुणाचं दार? अक्काचं का नानाचं?
सोलापूरची गाडी लागली आहे. तिथून धुळ्याला मिळते. वही मांडीवर. कंडक्टर दुसऱ्यांदा विचारून गेला, येणार का.
ड्रायव्हर चढला. मी अजून…