जोनेटाचे गुण

३ ऑक्टोबर १९७३, शिकागो

जोनेटाला मंद मुलांच्या वर्गात टाकलं! माझ्या सख्ख्या भाचीला! शाळेने बुद्धीची परीक्षा घेतली म्हणे. 'रस्ता चुकलीस तर काय करशील?' ती म्हणाली — चर्चच्या पायरीवर बसेन, ओळखीची कुणी आजी येईपर्यंत. शून्य गुण! 'पोलिसाला विचारेन' म्हणायला हवं होतं. आमच्या वस्तीत कुठली आई पोराला पोलिसाकडे जा म्हणून सांगते?

इतकी वर्षं मी हेच ओरडतेय — ही परीक्षा गोऱ्यांच्या घरची रीत मोजते, काळ्या पोरांची बुद्धी नाही. आफ्रिकेत, घानाच्या आक्रा शहरात शिकवलं, इथे शिकवलं, पुस्तकं लिहिली. आता पालकांनी शाळेवर खटला भरलाय. मुख्य साक्ष माझी.

७ ऑक्टोबर

भाषणात दाखवायला नेलेली परीक्षेची पेटी घेऊन थेट व्हर्लीनकडे, जोनेटाच्या आईकडे, रविवारच्या जेवणाला. तळलेला मासा, मक्याचा पाव. ती धाकटी बहीण, पण बोलायला लागली की मीच धाकटी.

"ताई, परीक्षेची पेटी आहे ना तुझ्याकडे? उत्तरं पढव की पोरीला. पुन्हा घेणारेत परीक्षा."

म्हटलं, कळलं तर खटल्याचा बोजवारा उडेल. सगळ्या पोरांचा प्रश्न आहे.

"तुझी अख्खी आफ्रिका आहे गं. मला एकच पोर आहे."

फार लागलं. कोट उचलला नि निघून आले.

८ ऑक्टोबर

पेटी व्हर्लीनकडेच राहिली. विसरले — खरंच विसरले? असलं विसरणं दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी गालात हसले असते. मानसशास्त्राची डॉक्टर ना मी!

१९ ऑक्टोबर

जोनेटा पुन्हा आपल्या वर्गात! एकशे चौदा गुण — सरासरी शंभर! व्हर्लीन फोनवर किंचाळत होती. पेटी परत आणली. काही विचारलं नाही. विचारलं तर ऐकावं लागेल.

६ नोव्हेंबर

घात झाला. शाळेच्या वकिलाने जोनेटाचेच गुण पुढे केले — हीही काळीच मुलगी, परीक्षेत खोट असती तर हिला एवढे कसे पडले? आमचा वकील घामाघूम. "डॉक्टरबाई, याला उत्तर आहे का?"

आहे — पेटीतून पढवलंय तिला. पण दिलं तर व्हर्लीन अडकते. नाही दिलं तर बाकीची सगळी पोरं त्या वर्गात कुजणार. आपल्या आफ्रिकी रीतीत मूल एकट्या आईचं नसतं, असं मीच लिहिलंय. लिहायला काय जातं!

१० नोव्हेंबर

ठरलं. दोष माझ्या अंगावर घेते. भीती वाटते.

१२ नोव्हेंबर

शपथेवर सांगितलं — "मीच पढवलं तिला. आठवडाभरात जे पढवता येतं, त्याला जन्मजात बुद्धी कसं म्हणायचं?" शाळेचा वकील खाली बसला. माझा परवाना जाईल. जोनेटाचे गुण रद्द होणार.

बाहेर व्हर्लीनने दंड धरला. "हे काय बोलून बसलीस, ताई? पेटीला हात नाही लावला कुणी! या खेपेला परीक्षा घ्यायला आपल्यातली बाई होती. पोर मोकळेपणाने बोलली. सगळं तिचं तिने केलं."

तिला जमेल असं मला — मला! — वाटलंच नाही.

जोनेटा कोर्टात मागच्या बाकावर होती. तिने सगळं ऐकलं.