वजन नसलेला बुडबुडा

१० सप्टेंबर १९८४, पांढुर्णा

पेटली! उदबत्तीचं नुसतं लाल टोक नळीत घातलं अन् भक्कन ज्योत आली. म्हणजे नळीत ऑक्सिजनच! जाम नदीतून आणलेलं पाणगवत भांडंभर पाण्यात बुडवून, वर नळी उपडी घालून चार दिवस उन्हात ठेवलं होतं. बाबा बघतच राहिले. म्हणाले, एप्रिलात आपला माणूस वर अंतराळात गेला, त्याच्या यानात हे गवत चाललं असतं का? मी म्हटलं, उजेड मिळाला तर गवत वरही ऑक्सिजन करील. तेच तर माझं मॉडेल.

१४ सप्टेंबर

विज्ञानाच्या सरांना मॉडेल फार आवडलं. छिंदवाड्याच्या प्रदर्शनात जाणार. पण तिथं समजावून सांगणार स्मिता! कापसाच्या व्यापाऱ्याची स्मिता – नदीत कधी पाय नाही घातला तिनं.

मी विचारलं, काऊन सर?

“तिची हिंदी साफ आहे. तू पाणी बदलत जा.”

पाणी बदलत जा!

१५ सप्टेंबर

आई म्हणते, मॉडेल तर जाऊन राहिलं ना. दिवसभर बोलली नाही मी तिच्याशी.

२१ सप्टेंबर

स्मिता रोज मधल्या सुट्टीत विचारायला येते. गवत मातीबिगर कसं जगतं, यानातला दिवा विझला तर काय होईल. मी एका शब्दात उत्तर देते. आज म्हणाली, “सुशीला, तू रागावून राहिली का माझ्यावर?” मी नळी धूत राहिली. रागावू नको तर काय आरती ओवाळू? तिच्या गोड बोलण्याचाच जास्त राग येतो.

३ ऑक्टोबर

आजच छिंदवाड्याहून आलो. लिहून टाकते.

आम्ही दोघी टेबलामागं उभ्या. परीक्षक आले. स्मितानं न अडखळता सांगितलं – सगळी सरांना दिलेल्या माझ्या वहीतलीच वाक्यं! मग चष्मेवाले परीक्षक म्हणाले, “बेटी, वहाँ तो वजन ही नहीं रहता. बुलबुला नली में चढ़ेगा कैसे?”

स्मितानं माझ्याकडं पाहिलं.

मला येत होतं. तिथं बुडबुडा चढणारच नाही, पानालाच चिकटून बसेल. म्हणून अख्खं भांडं गरगर फिरवायचं. पाणी बाहेरच्या बाजूला दबेल अन् बुडबुडे मधात गोळा होतील. बाबांसोबत बादली फिरवून किती वेळा पाहिलं मी! तरी खाली मान घातली. मनात म्हटलं, बदलत बसा आता पाणी.

त्यांनी टेबलावरचं कार्ड पुन्हा वाचलं, माझ्याकडं पाहिलं. मग पुढच्या टेबलाकडं गेले.

नंबर नाही आला. बसमधे स्मिता रडत होती. काही बोलायला लागली तर मी खिडकीकडं तोंड केलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

५ ऑक्टोबर

सरांनी आज टेबलावरचं कार्ड माझ्यासमोर आपटलं. म्हणाले, “माझ्या पाठीमागं दोघींनी मिळून नावं बदलली!” कार्डाचं तोंड परीक्षकांकडं होतं, मला मागून दिसलंच नव्हतं. अक्षर स्मिताचं.

‘प्रयोग – सुशीला देवीदास सोमकुवर. सहायक – स्मिता.’

ते परीक्षक मलाच विचारत होते.