पारितोषिक मिळालेला शेवट

मुरूम, ९ नोव्हेंबर १९६१
पहिलं पारितोषिक – मला! ‘तरुवर’ मासिकाच्या कथास्पर्धेत! हे चेष्टेनं म्हणाले, “आता बक्षीस घ्यायला पुण्याला जाणार तुम्ही, लेखिकाबाई!” शाळेत मुलींना आज काय शिकवलं, देव जाणे.

१२ नोव्हेंबर
अंक आला. परीक्षकांनी शेवट फार वाखाणलाय – रझाकारांच्या भीतीनं गाव सोडणारी आई, आणि वाटेत तापानं दगावलेली तिची पोर. ‘असा शेवट लिहायला धैर्य लागतं.’
धैर्य कसलं माझं! सोसलं ते शेजारच्या महादेवीअक्कांनी. अठ्ठेचाळीस साली नवऱ्याबरोबर सोलापूरकडं पळाल्या. परतल्या तेव्हा लेक नव्हती. वाटेत वारली, एवढंच सांगत. पुढं कुणी विचारलं नाही. मीही नाही. ताप वगैरे मी रचलं. नाव बदललं की झालं, वाटलं होतं.

१५ नोव्हेंबर
बंडप्पा शेटजी भर बाजारात – “अक्का, बाईंनी तुमची कथा छापली की!” अक्का माझ्याकडं वळल्या; मी भाजी न घेताच घरी आले.

१६ नोव्हेंबर
अक्का स्वतःच आल्या. “वाचा,” म्हणाल्या. भिंतीला टेकून ऐकलं त्यांनी. शेवट मी घाईघाईनं वाचून टाकला.
“मेली म्हून कुणी बघितलं, बाई?”
मी अंक मिटला.
“सोलापूरच्या ठेसनात गर्दीत हात सुटला. लई हुडकलं. मालक म्हणले, हरवली म्हणू नगं, लोक तोंडावर थुकतील. मेली म्हून सांग. ते गेले, तरी म्या तेच सांगत ऱ्हायले.”
मग अंकावर हात ठेवून, “हे पुस्तक सोलापुरात जातं व्हय?”
“जातं.”
“मग लेकीचं नाव खरं घालायचं की हो! नीलव्वा!”

१७ नोव्हेंबर
कुणाची तरी जिवंत पोर मारून बक्षीस घेतलं मी! संपादकांना लिहिलं – शेवट चुकला, दुरुस्ती छापा. हे म्हणाले, “पारितोषिक काढून घेतील.” घेऊ देत.

२६ नोव्हेंबर
संपादकांचं उत्तर – ‘कथेला दुरुस्ती नसते.’
अक्कांना म्हटलं, बक्षीस समारंभाला पुण्याला चला माझ्याबरोबर, तिथं पेपरवाले येतात. लगेच उठल्या.

पुणे, ३ डिसेंबर
भाषण केलंच नाही. अक्कांना हाताला धरून व्यासपीठावर नेलं, माईक त्यांच्यापुढं केला. त्या एवढंच बोलल्या –
“नीलव्वा, म्या मुरमातच हाय.”