दोघांचा भात

अहो,
नमस्कार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मी बरी आहे. इथे नयनाकडे मांजलपुरात ऊन रणरणतंय, पण कूलर आहे, आणि ती ऑफिसला जाताना माझ्यासाठी छास, म्हणजे आपलं ताक, करून ठेवते.

ऋचाने एक इंग्रजी शब्द शोधलाय, एस्टिव्हेटर. म्हणजे कुठेतरी जाऊन उन्हाळा काढणारी माणसं. मी म्हटलं, आपल्या पाचगणीला गारव्याला येतात ती. तर म्हणते, "आजी, तूसुद्धा! फक्त तू उलटी, गारव्यातून उन्हात येतेस." खूप हसलो.

मग म्हणाली, "पुढच्या सुट्टीत मी एकटी राहीन. तू नाही आलीस तरी चालेल." नयना तिला ओरडली. पण पोरीचं काय चुकलं? तिला सांभाळायलाच तर ती पाळण्यात होती तेव्हापासून दर मेमध्ये येतेय.

गुडघ्याला तेल लावता ना?

दर वर्षी एसटीत बसवून देताना तुम्ही म्हणायचात, "माझी काळजी करू नकोस." आणि मी खरंच केली नाही हो.

पुढच्या मेमध्ये मी घरीच आहे. इतके उन्हाळे तुम्ही एकट्यापुरता भात लावलात. आता दोघांचा लावायला जमेल ना?

तुमचीच,
निरुपमा