हबतोमसाठी इंजेरा

शहनाझ,

कोणाला खरं वाटणार नाही, पण आज तुझ्या सासऱ्याने इंजेरा घातला आणि त्याच्या जाळीतून मला थेट हबतोमचं इरिट्रिया दिसलं. आपल्या आंबोळीचाच तो थोरला भाऊ. सिंकखालच्या डब्यातलं पीठ नासलं नव्हतं, तीन दिवस आंबत होतं. फेकलं नाहीस, बरं केलंस. मटणाचा रस्सा एक वाटी ठेवलाय, भलताच तिखट झालाय, दही घालून खा.

मी अल ऐनला, हॉस्पिटलमध्ये हबतोमकडे निघालोय. हमरिया बंदराजवळच्या खोलीत आम्ही वीस वर्षं एकाच ताटात जेवलो. इंजेरा एकट्याने खायचा नसतो, असं तो म्हणायचा. म्हणून तुझं मोठं स्टीलचं ताट नेतोय. काल त्यानेच फोन केला, "शौकत, मसाल्यात कंजुषी करू नकोस, मी चार खाणार." चार कसले, नर्सच्या वाटणीचेही खाईल. इन्शाल्ला, रविवारी तो सुटून घरी येतोय बघ.

तुझी लेक इन्शा मागे उभी राहून हे वाचतेय. म्हणते, "दादा, दॅट्स नॉट ट्रू. फोन त्यांच्या मुलीचा होता, स्पीकरवर होता. अंकल इजन्ट ईवन वेकिंग अप."

ताट मात्र तिनेच पिशवीत घातलंय.