हौदातला चष्मा

४ मार्च
चि. पिसूस,
अ. आ.

प्रयोगशाळेत पाण्यातल्या पिसवा पाळतेस म्हणून हे नाव, फुगू नकोस. तू धाडलेले चांदीचे मोजे भारीच! दिवसभर शिवणयंत्र चालवलं तरी पायांना वास म्हणून नाही. साबणही लागत नाही, नुसते खळबळते आणि ते पाणी परसातल्या हौदात ओतते. आणि काय सांगू, ज्या शेवाळावरून तुझ्या आतोबांशी जन्मभर भांडले, ते साफ गेलं. तळाशी त्यांचा हरवलेला चष्मा दिसतोय! ते गेल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याकडे बघतंय असं वाटलं. पाडव्याला काढणार आहे. त्यांनी हौदात पाळलेल्या गोगलगायी मात्र हलत नाहीत. माझ्यासारख्याच आळसावल्या असतील.

आठवण ठेव, मी ठेवतेच.
तुझी आत्या

९ मार्च
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चष्मा काढू नकोस, हात जोडते. मोज्यांच्या धाग्यात चांदीचे कण असतात, केसाच्या जाडीत हजार मावतील एवढे. ते वासाचे जंतू मारतात, पण धुताना सुटतात आणि पाण्यात गेले की त्यांना आपलं-परकं कळत नाही. शेवाळ गेलं, गोगलगायी उपाशी. इथे मी तीच चांदी पाण्यात सोडून पिसवा कशा मंदावतात ते बघते. तुला मोजे धाडताना माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे!

गोगलगायी शिळ्या पाण्याच्या पातेल्यात ठेव, काकडीचा काप घाल. हौदातलं वरचं पाणी हलक्या हाताने कॅनमध्ये भर, मी न्यायला येते. गाळाला मात्र हात लावू नकोस. चांदी तिथे काळी पडून गप्प बसते. ढवळलीस की उठेल. मी काय मागतेय ते मला कळतंय, आत्या. फार वाईट वाटतंय.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी पिसू

२८ मे
चि. पिसूस,
अ. आ.

तू कॅन नेलेस, तेव्हापासून रोज कठड्यावर बसते. हात कितीदा शिवशिवला. चष्म्याशिवाय ते वाचत कसे असतील, असले वेडे विचार. एकदा स्वप्नात ते हौदात पाय सोडून बसले होते. म्हणाले, घाई कसली.

मग कडेला हिरवी लव धरली. वाचलेल्या दोन गोगलगायी तू सांगितल्यावर परत सोडल्या. गेल्या आठवड्यात त्यातली एक चष्म्याच्या काचेवर चढून निवांत चरत होती. आज काच दिसेनाशी झाली. मी शेवाळाला एका शब्दाने बोलले नाही.

पायांना पुन्हा वास येतो. नाक धरून ये, पण ये.
तुझी आत्या